आधी कुठे जायचं? मिशनच्या यादीतले ‘न पोचलेले’ आणि मणिबेली

महाराष्ट्र विधानसभेच्या मतदारसंघांच्या यादीत पहिला क्रमांक अक्कलकुव्याचा आहे, आणि त्यातलं पहिलं मतदान केंद्र मणिबेलीचं. राज्याची मतदानाची यादी जिथून सुरू होते ते हे गाव नर्मदेच्या काठावर, सरदार सरोवराच्या पाण्याला लागून, सातपुड्याच्या टोकाला आहे. निवडणूक आली की पथक यंत्रं घेऊन डोंगरातून नाहीतर पाण्यातून तिथे पोचतं. मतदार थोडेच. तेवढाच खर्च आणि तेवढीच माणसं नंदुरबार शहरात लावली तर कितीतरी जास्त मतदान करून घेता येईल. पण निवडणूक आयोग असा हिशोब करत नाही. मतदाराला केंद्रापर्यंत दोन किलोमीटरपेक्षा जास्त जावं लागू नये, हे त्याचं सूत्र. म्हणजे आयोग आधी पोच बघतो, आकडा नंतर.

हे उदाहरण सुरुवातीलाच दिलं, कारण माझ्या संशोधनाबद्दल मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न याच जातीचा आहे. माझा अभ्यास पश्चिम भारतातल्या ख्रिस्ती मिशनांच्या कल्पनांचा आणि कामाच्या पद्धतींचा. विषय कळला की समोरचा विचारतो, “जिथे चर्च आहे, शाळा आहे, ख्रिस्ती वस्ती आहे, तिथलं काम वाढवायचं सोडून ही मंडळी डोंगरातल्या शेवटच्या पाड्याकडेच का निघतात?”

या लेखात त्याचं उत्तर द्यायचा प्रयत्न करतो आहोत. मणिबेलीत कोणतं मिशन कधी गेलं याची ही गोष्ट नाही. मणिबेली इथे उदाहरण म्हणून घेतलं आहे, कारण ‘पोच’ आणि ‘यादी’ या दोन शब्दांचा अर्थ त्या गावाइतका फार थोड्या गावांना कळला असेल.

दोन तयार उत्तरं

या प्रश्नाला आपल्याकडे दोन तयार उत्तरं आहेत. पहिलं: गरीब, अशिक्षित माणूस लवकर वळतो, म्हणून. दुसरं: जिथे दवाखाना नाही, शाळा नाही, तिथे सेवेची गरज जास्त, म्हणून. पहिलं उत्तर विरोधक देतात, दुसरं समर्थक.

दोन्हींत थोडं तथ्य आहे. तरी मूळ प्रश्न दोन्हींमुळे सुटत नाही. लवकर वळणारी माणसंच हवी असती, तर मिशनांनी जिथे आधीच प्रतिसाद मिळाला तिथेच मुक्काम ठोकला असता. (बऱ्याच मिशनांनी तसं केलंही, आणि त्यावरून त्यांच्यातच वाद झाला, तो पुढे येईल.) आणि फक्त सेवाच करायची असती, तर शहरातल्या झोपडपट्ट्या काही कमी नाहीत. मग दुर्गम भागालाच अग्रक्रम का? त्यासाठी मिशनच्या आतला हिशोब बघावा लागतो.

आतला हिशोब: तीन पायऱ्या

पहिली पायरी आज्ञेची. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या शेवटी येशू शिष्यांना सगळ्या राष्ट्रांतल्या लोकांकडे जायला सांगतो. ख्रिस्ती परंपरेत याला ‘महान आज्ञा’ म्हणतात. यात ‘जितक्या जास्त लोकांना जमेल तितक्यांना’ असं नाही, ‘सगळ्या’ असं आहे. ‘सगळ्या’ या शब्दामुळे हिशोबच बदलतो. शंभरातले नव्वद झाले म्हणून काम संपत नाही; उरलेले दहा कोण, हाच पुढचा प्रश्न होतो.

दुसरी पायरी ऐकण्याच्या संधीची. पौलाने रोमकरांना लिहिलेल्या पत्रात युक्तिवाद असा आहे: ज्याच्याबद्दल कधी ऐकलंच नाही त्याच्यावर विश्वास कसा ठेवणार, आणि कुणी सांगायलाच गेलं नाही तर ऐकणार कसं? याच पत्रात पुढे तो म्हणतो, की दुसऱ्याने घातलेल्या पायावर आपण बांधत बसायचं नाही, ज्यांनी नाव ऐकलेलं नाही त्यांच्याकडे जायचं, हा त्याचा बाणा. इथे एक बारीक पण महत्त्वाचा फरक केलेला आहे. ऐकून नाकारणारा माणूस आणि ऐकलंच नाही असा माणूस, हे दोघं सारखे नाहीत. पुण्यामुंबईत ख्रिस्ती नसलेल्या माणसाच्या घरापासून थोड्या अंतरावर चर्च असतं, पुस्तकाच्या दुकानात मराठी बायबल मिळतं, वर्गात एखादा ख्रिस्ती मित्र असतो. त्याला विचारायचं असेल तर तो विचारू शकतो. जिथे असं विचारायलाच कुणी नाही, तिथे आधी जायचं, असा हा तर्क.

तिसरी पायरी शेवटाची. मत्तयाच्याच पुस्तकात असंही आहे, की ही सुवार्ता साऱ्या जगात सांगितली जाईल आणि मग शेवट येईल. काही पंथांनी यावरून असा अर्थ काढला, की हे काम पूर्ण होऊ शकतं आणि ते आपल्या हयातीत पूर्ण करता येईल. एकदा काम ‘पूर्ण’ करायचं ठरलं की ‘बाकी किती’ याची यादी लागते.

यादीची सवय तशी जुनीच आहे. १७९२ मध्ये इंग्लंडमध्ये चपला-बूट शिवणाऱ्या आणि नंतर धर्मोपदेशक झालेल्या विल्यम कॅरीने एक पुस्तिका काढली. त्यात पानंच्या पानं तक्ते होते: देश, लांबी-रुंदी, लोकसंख्या, धर्म. धर्मप्रसाराच्या पुस्तिकेत भूगोलाचे तक्ते, हे तेव्हा नवीन होतं. हाच कॅरी पुढे बंगालमध्ये श्रीरामपूरला आला आणि १८०५ मध्ये त्याने मराठीचं व्याकरण छापलं, १८१० मध्ये मराठी कोश. आधी यादी, मग भाषा, मग पुस्तक, हा क्रम लक्षात ठेवा. तसं भाषेचं महत्त्व कॅरीच्याही आधी ओळखलेलं होतं. गोव्यात फादर थॉमस स्टीफन्सने १६१६ मध्येच ‘क्रिस्तपुराण’ मराठीत ओवीबद्ध करून छापलं होतं.

प्रदेश वाटून घेण्याचा काळ

एकोणिसाव्या शतकात मिशनांचा नकाशा जिल्ह्यांचा होता. अमेरिकन मराठी मिशनची माणसं १८१३ मध्ये मुंबईत उतरली आणि १८३१ पासून अहमदनगर हे त्यांचं मोठं केंद्र झालं. कोल्हापूर अमेरिकन प्रेस्बिटेरियनांकडे गेलं, नागपूर स्कॉटिश मिशनकडे, नाशिक चर्च मिशनरी सोसायटीकडे, अकोला-भुसावळचा पट्टा ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्सकडे. एकाच्या हद्दीत दुसऱ्याने जायचं नाही, असा आपसात समझोता. मराठी प्रोटेस्टंट कुटुंबं आजही कोणत्या गावची यावरून कोणत्या मंडळीची हे ओळखता येतं, ते याच वाटणीमुळे.

या वाटणीत पश्चिम खानदेश, म्हणजे आजचे धुळे-नंदुरबार जिल्हे, स्कँडिनेव्हियन अलायन्स परंपरेतल्या मिशनांकडे आले. त्यांच्यामागे फ्रेडरिक फ्रान्सन नावाचा स्वीडिश-अमेरिकन प्रचारक होता. त्याने १८९० मध्ये शिकागोला स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशन स्थापन केलं. किनाऱ्यावर न थांबता चीनच्या आतल्या प्रांतांत जायचं, हा हडसन टेलरचा आग्रह होता, आणि तोच फ्रान्सनची प्रेरणा होता. नंदुरबारच्या एस. ए. मिशन हायस्कूलच्या नावात तो ‘अलायन्स’ अजून आहे.

आता नकाशा समोर धरा. ही केंद्रं कुठे उभी राहिली? नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा. म्हणजे तापीच्या खोऱ्यातून सुरतेकडून येणाऱ्या रेल्वेच्या कडेने. प्रेरणा ‘आत जा’ अशी, पण बंगला, शाळा आणि दवाखाना रुळाजवळ. यात ढोंग नव्हतं. औषधं, धान्य, पत्रं, आजारी माणसं, सगळं रेल्वेनेच येत-जात होतं. पण परिणाम असा झाला, की नवापूरच्या बाजूला मावची-गावित कुटुंबांत ख्रिस्ती मंडळ्या रुजल्या आणि सातपुड्याच्या पलीकडचा नर्मदेचा काठ मिशनच्या जिल्ह्यात असूनही दूरच राहिला. कागदावर ‘पश्चिम खानदेशात मिशन आहे’ हे खरं होतं. डोंगरापलीकडच्या पाड्यातल्या माणसासाठी त्याचा अर्थ काहीच नव्हता.

१९७४: जिल्ह्याच्या जागी समूह

हीच अडचण जगभर होती, आणि तिला नाव मिळालं १९७४ च्या जुलै महिन्यात. स्वित्झर्लंडमधल्या लोझान शहरात बिली ग्रॅहम यांच्या पुढाकाराने दीडशेच्या आसपास देशांतले प्रोटेस्टंट प्रतिनिधी जमले होते. तिथे राल्फ विंटर या अमेरिकन अभ्यासकाने मांडलेला मुद्दा सोप्या शब्दांत असा: प्रत्येक देशात आता चर्च आहे म्हणून काम संपलं असं समजू नका. माणूस आपल्या शेजाऱ्याला सांगतो, पण आपल्याच भाषेच्या, आपल्याच रोटी-बेटी व्यवहारातल्या शेजाऱ्याला. ज्या समूहात एकही ख्रिस्ती माणूस नाही, त्याच्यापर्यंत ही शेजारधर्माची साखळी कधीच पोचणार नाही.

विंटरने अंतराच्या तीन पायऱ्या सांगितल्या. आपण त्या नंदुरबारात लावून बघू. नंदुरबार शहरातल्या मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती बाईने शेजारणीला काही सांगितलं, तर ती पहिली पायरी. तिनेच मोलगीच्या बाजारात वसावी बोलणाऱ्या बाईशी बोलायचं ठरवलं, तर जिल्हा तोच, पण भाषा, देव, लग्नाच्या रीती वेगळ्या. ही दुसरी पायरी. स्वीडनहून आलेल्या माणसाने तेच करायचं, तर ती तिसरी. यातून एक गोष्ट निघते: अंतर पासपोर्टवरून ठरत नाही. गेल्या काही दशकांत दक्षिण गुजरातच्या डांग भागात तामिळनाडूच्या फ्रेंड्स मिशनरी प्रेयर बँडसारख्या संस्थांचे कार्यकर्ते आले. ते भारतीयच. तरी डांगी बोलणाऱ्याच्या लेखी ते परकीयाइतकेच लांबचे होते. त्यांनाही भाषा पहिल्यापासून शिकावी लागली. ‘मिशनरी म्हणजे गोरा माणूस’ हे चित्र आता जुनं झालंय.

समूह हे एकक धरण्याची कल्पना विंटरच्याही आधीची आहे, आणि तिची मुळं थेट आपल्या मध्य भारतात आहेत. डोनाल्ड मॅकगॅव्हरन १८९७ मध्ये दमोहला जन्मला आणि मध्य प्रांतात त्याने अनेक वर्षं काम केलं. १९५५ च्या ‘द ब्रिजेस ऑफ गॉड’ या पुस्तकात त्याने म्हटलं, की भारतात माणसं एकेकटी धर्म बदलत नाहीत. एकटा बदलला की जातीबाहेर पडतो आणि त्याच्यामागचा रस्ता बंद होतो. समूहाने निर्णय घेतला तरच तो टिकतो. हे वाचताना मराठी वाचकाला पुढच्याच वर्षीचं, १९५६ चं नागपूर आठवल्याशिवाय राहणार नाही. धर्म वेगळा, कारणं वेगळी, राजकारण वेगळं. पण निर्णय समाजाने मिळून घेतला तर तो पेलतो, ही जाणीव दोन्हीकडे आहे.

दोन टक्क्यांची रेघ

मग यादी कशी करायची? १९८२ मध्ये शिकागोतल्या बैठकीत व्याख्या ठरली. ज्या समूहाच्या आत स्वतःच्या बळावर इतरांपर्यंत पोचू शकेल एवढी ख्रिस्ती मंडळी नाही, तो ‘न पोचलेला’ समूह. ही व्याख्या गुणाची आहे, संख्येची नाही. पण यादी करणाऱ्याला संख्या लागतेच. १९९५ मध्ये सुरू झालेल्या जोशुआ प्रोजेक्टने वापरलेला निकष असा: समूहात इव्हँजेलिकल ख्रिस्ती दोन टक्के किंवा कमी, आणि एकूण ख्रिस्ती पाच टक्के किंवा कमी. दोन्ही अटी लागू झाल्या तर समूह ‘न पोचलेला’.

दोन टक्केच का? बायबलमध्ये हा आकडा कुठेच नाही. आधी याच वर्तुळात वीस टक्क्यांचा निकष वापरात होता. म्हणजे ही सोयीसाठी मारलेली रेघ आहे, आपल्या दारिद्र्यरेषेसारखी. रेघ कुठे मारली यावर यादी लांब होते की आखूड हे ठरतं, आणि यादीवर पैसा आणि माणसं कुठे जाणार हे.

महाराष्ट्र घ्या. २०११ च्या जनगणनेत राज्यातले ख्रिस्ती दहा लाख ऐंशी हजारांच्या घरात, म्हणजे लोकसंख्येच्या एक टक्क्याहूनही थोडे कमी. सगळा महाराष्ट्रच ‘न पोचलेला’ म्हणायचा का? यादी तसं म्हणत नाही. वसईतले कॅथलिक समाज पिढ्यान्‌पिढ्या ख्रिस्ती आहेत, ते यादीबाहेर. त्याच राज्यातले वसावे किंवा पावरा यांची मोजणी स्वतंत्र. राज्याची सरासरी इथे उपयोगाची नाही, समूहाचा आकडा हवा.

कॅथलिक चर्चचा हिशोब थोडा वेगळा आहे. १९९० मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी आपल्या परिपत्रकात तीन परिस्थिती वेगळ्या केल्या: जिथे ख्रिस्त माहीतच नाही, जिथे मंडळी नीट उभी आहे, आणि जिथे जुने ख्रिस्ती श्रद्धेपासून दूर गेलेत. पहिल्या कामाची जागा दुसरं कोणतंही काम घेऊ शकत नाही असं त्यांनीही बजावलं, पण टक्क्यांची रेघ काही मारली नाही.

मणिबेली कुठे बसते?

आता ही यादी घेऊन मणिबेलीकडे जाऊ.

पहिली अडचण अशी, की यादीत गाव नसतंच, समूह असतो. मणिबेली म्हणजे तडवी आणि वसावे कुटुंबांचं गाव. ‘तडवी’ शब्द शोधायला लागलात तर जळगावकडे चोपडा, यावल, रावेरच्या बाजूचे तडवी भिल्लही सापडतील, आणि त्यांतले बहुतेक मुसलमान आहेत. नाव एक, पण सणवार, सोयरीक, भाषा वेगळी. नाव बघून टक्के काढले तर दोन्हींबद्दल चुकीचं उत्तर मिळेल.

दुसरी अडचण सरकारी यादीची. महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत भिल्ल, तडवी भिल्ल, भिलाला, पावरा, वसावा, वसावे ही सगळी नावं एकाच नोंदीत आहेत. राज्याच्या दृष्टीने ती एक जमात. मिशनची यादी हेच वेगवेगळं करते, कारण तिला भाषा आणि सोयरीक बघायची असते. आणि अक्कलकुव्याच्या डोंगरातला माणूस स्वतःची ओळख सांगताना यातलं काहीच न वापरता आधी आपलं कुळ आणि गाव सांगेल. तीन ठिकाणी तीन तऱ्हेने कापलेला एकच समाज.

तिसरी अडचण मणिबेलीची स्वतःची. सरदार सरोवराच्या पाण्याखाली जाणारं हे महाराष्ट्रातलं पहिलं गाव. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला नर्मदा बचाओ आंदोलनाचे सत्याग्रह इथे झाले, आणि १९९४ मध्ये मोठ्या धरणांना जागतिक बँकेने पैसे देणं थांबवावं अशी मागणी करणारा जगभरातल्या संघटनांचा जाहीरनामा ‘मणिबेली जाहीरनामा’ याच नावाने निघाला. गावातली काही कुटुंबं गुजरातेत परवेट्याला वसवली गेली, काही महाराष्ट्रात तळोद्याच्या बाजूला आली, काही पाण्याच्या वर डोंगरावर सरकून तिथेच राहिली. आता ‘मणिबेलीपर्यंत पोच’ म्हणजे कुठपर्यंत पोच? परवेट्यात डांबरी रस्ता आहे. डोंगरावर राहिलेल्या चुलतभावासाठी बाजार म्हणजे अजून पायपीट नाहीतर होडी. समूह एकच, आकडा एकच, पोच मात्र दोन वेगळ्या.

पाटी कोरी नव्हती

‘न पोचलेले’ या शब्दातच एक धोका आहे. तो ऐकला की वाटतं, तिथे काहीच नव्हतं.

सातपुड्याच्या या भागात याहामोगी आहे. गुजरातेतल्या सागबारा तालुक्यात देवमोगरा इथे महाशिवरात्रीला तिची जत्रा भरते, आणि अक्कलकुव्यातून माणसं डोंगर चालून जातात. काठीची होळी आहे. आणि धर्मातले बदलही इथे बाहेरच्या कुणी येण्याची वाट बघत बसलेले नव्हते. १९२२ मध्ये दक्षिण गुजरात आणि खानदेशाच्या आदिवासी पट्ट्यात ‘देवी’ गावोगाव फिरली. अंगात आलेली माणसं सांगत: दारू सोडा, मांस सोडा, स्वच्छ राहा. इतिहासकार डेव्हिड हार्डिमन यांनी यावर १९८७ मध्ये ‘द कमिंग ऑफ द देवी’ हे अख्खं पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं, ही चळवळ आदिवासींनी स्वतः चालवली, आणि दारू सोडणं हा दारू विकणाऱ्या पारशी दुकानदाराला आणि सावकाराला दिलेला शह होता. पुढे १९३० च्या दशकात तळोद्याकडे गुला महाराजांची आरतीची चळवळ उभी राहिली. १९३८ मध्ये ते वारल्यावरही त्यांचे अनुयायी टिकले.

म्हणजे हा समाज नवा विचार ऐकत होता, पारखत होता, काही घेत होता, काही सोडत होता. मिशनची सुवार्ता तिथे पोचली तरी ती अनेक आवाजांतला एक आवाज म्हणूनच पोचणार होती. चांगल्या मिशनऱ्यांना हे कळत होतं. राजस्थानात खेरवाड्याच्या भिल्लांमध्ये काम करणाऱ्या चार्ल्स थॉम्पसनने १८९५ मध्ये भिल्लीचं छोटं व्याकरण छापलं. पाच वर्षांनी, दुष्काळात मदतकार्य करत असताना तो पटकीने वारला. त्याने भिल्लांचं बोलणं इतकं नीट ऐकलं नसतं तर ते व्याकरण झालं नसतं.

टीका: आतली आणि बाहेरची

या यादीवर सगळ्यात टोकदार टीका ख्रिस्ती लोकांनीच केली आहे. लोझानलाच रेने पादिया आणि सॅम्युएल एस्कोबार या लॅटिन अमेरिकी अभ्यासकांनी बजावलं, की सुवार्ता आणि न्याय वेगळे करू नका. पादिया यांचा समूहवादावर आणखी एक आक्षेप होता: माणसांना त्यांच्याच जातीच्या मंडळीत ठेवलं तर जात मोडायची कशी? महाराष्ट्रात आणि तामिळनाडूत चर्चमधली जात बघितलेल्या कुणालाही हा आक्षेप पुस्तकी वाटणार नाही. एस्कोबार यांनी पुढे या सगळ्या तक्ते-टक्के-मुदती प्रकाराला ‘व्यवस्थापकी’ मिशनशास्त्र म्हटलं.

शब्दार्थावरही वाद आहे. महान आज्ञेतल्या ज्या ग्रीक शब्दाचं मराठीत ‘राष्ट्रे’ झालं, त्याचा अर्थ विंटरच्या बाजूने ‘वांशिक समूह’ असा घेतला. बरेच बायबल-अभ्यासक म्हणतात, तिथे त्याचा साधा अर्थ ‘यहुदी नसलेले सगळे’ असा आहे. तसं असेल तर समूह मोजण्याची आज्ञा तिथे नाही.

बाहेरची टीका आपल्याला जास्त परिचित. १९५४ मध्ये तेव्हाच्या मध्य प्रदेश सरकारने नियोगी समिती नेमली. तेव्हा विदर्भ मध्य प्रदेशात होता आणि राजधानी नागपूर. १९५६ च्या अहवालात समितीने परदेशी पैसा आणि शाळा-दवाखान्यांतून दाखवलं जाणारं आमिष यांवर बोट ठेवलं. १९७७ मध्ये स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की राज्यघटनेच्या २५ व्या कलमात आपला धर्म मांडण्याचा हक्क आहे, दुसऱ्याचं धर्मांतर घडवण्याचा नाही. १९९८ च्या नाताळात डांगमध्ये ख्रिस्ती प्रार्थनास्थळांवर हल्ले झाले आणि त्यानंतर देशभर चर्चा मात्र धर्मांतराचीच झाली. गेल्या काही वर्षांत धर्म बदललेल्या आदिवासींना जमातीच्या यादीतून काढा, ही ‘डीलिस्टिंग’ची मागणी जोरात आहे. आजची कायद्याची स्थिती अशी, की अनुसूचित जातींना धर्माची अट आहे, अनुसूचित जमातींना नाही. त्यामुळे या मागणीचा धक्का थेट नवापूरच्या घराघरांत बसतो. राखीव जागा, विद्यार्थ्याची शिष्यवृत्ती, जमिनीचं संरक्षण, सगळं त्या एका नोंदीवर टांगलेलं आहे.

तीन याद्या

तर सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर: मिशन शेवटच्या पाड्याकडे निघतं, कारण त्याच्या हिशोबात महत्त्वाची गोष्ट आहे ती ऐकण्याची संधी. जिथे ती अजिबात नाही, तिथला पहिला माणूस, जिथे ती भरपूर आहे तिथल्या हजाराव्या माणसाच्या आधी येतो. मणिबेलीला मतदान केंद्र असण्यामागे जो तर्क आहे, त्याचाच हा चुलतभाऊ.

पण दोन्हींत एक फरक आहे, आणि माझ्या मते सगळा वाद त्यातच आहे. मतदार यादीत मणिबेलीच्या माणसाचं नाव चुकलं तर तो हरकत घेऊ शकतो. प्रकल्पग्रस्तांच्या यादीत नाव यावं, जमीन नीट मोजली जावी, यासाठी त्याच माणसाने वर्षानुवर्षं सत्याग्रह केले, तक्रार निवारणासमोर कागद मांडले. जागतिक बँकेने नेमलेल्या मोर्स समितीने १९९२ मध्ये लिहून दिलं, की माणसांची पुरेशी माहिती न घेताच हा प्रकल्प पुढे रेटला गेला. मिशनच्या यादीत मात्र आपण आहोत हे त्या माणसाला माहीतच नसतं. टक्केवारी कुणी काढली, आपल्याला कोणत्या नावाखाली घातलं, आपण ‘पोचलेले’ कधी ठरणार, यातलं काहीही त्याला विचारलं जात नाही. तिथे हरकतीचा अर्ज नाही.

१९१० मध्ये एडिंबरोला जागतिक मिशन परिषद भरली होती. तिच्या पहिल्याच अहवालात ख्रिस्तेतर जग कसं गाठायचं याचा आढावा होता. त्याच परिषदेत आंध्रात काम करणारे तमिळ पाळक व्ही. एस. अझरिया उभे राहिले आणि म्हणाले, तुमचा त्याग आम्ही मानतो, पण आम्हाला मैत्री हवी आहे. भरलेल्या सभेला ते रुचलं नाही. पण शंभर वर्षांहून जास्त काळ मिशनच्या इतिहासात ते भाषण पुन्हा पुन्हा वाचलं जातं.

मैत्रीत दोन्हीकडून विचारता येतं. म्हणून ‘पोच’ मोजायचीच असेल, तर मी त्यात तीन प्रश्न घालेन: तिथल्या माणसाला त्याच्या भाषेत उलट विचारता आलं का? ऐकून ‘नको’ म्हणता आलं का? आणि ‘नको’ म्हटल्यावर शाळा, औषध आणि माणुसकी तशीच चालू राहिली का? यातल्या एकाचंही उत्तर ‘नाही’ असेल, तर दोन टक्क्यांची रेघ ओलांडली तरी तिथे कुणी पोचलं असं म्हणता येणार नाही. हे प्रश्न मिशनला लावा, तसेच घरवापसी करणाऱ्यांना, सरकारी योजनांना आणि माझ्यासारख्या वह्या घेऊन हिंडणाऱ्या संशोधकांनाही लावा.